पेन्सिलीच्या खुणा

सिंफनी वाजवून झाली की वादकांनी आपापल्या स्वरलिपीच्या पानांवर पेन्सिलीनं केलेल्या खुणा ग्रंथपालानं पुसून टाकायच्या, ही ग्राझच्या वाद्यवृंदाची रीत. ग्रंथपाल त्सीगलरबाई पुसायला बसल्या होत्या, तेवढ्यात खुद्द संगीतकार लिंटनर आले. सभागृहाचं तांब्याचं छप्पर त्यांच्याच देणगीतलं. “बघू तरी, पोरं कुठं अडखळली!” बाईंनी नाइलाजानं गठ्ठा पुढं सरकवला. प्रत्येक प्रतीच्या माथ्यावर लिंटनरांनी स्वतः पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘हेडविगसाठी’. बायको हेडविग गेल्यावर तिच्यासाठी रचलेल्या संथ भागापाशी एका व्हायोलिनवाल्यानं लिहिलं होतं, ‘झोप आली, तर छप्पर कुणी दिलं ते आठवा.’ “मेले वात्रट आहेत, साहेब! आत्ता पुसते.” “राहू द्या, बाई. शेवटपर्यंत वाजवलं ना?” “वाजवलं की!” लिंटनरांनी मान डोलावली, कोट काढून खुर्चीला अडकवला, बाईंच्या हातातला खोडरबर घेतला आणि एकेका प्रतीवरचं तेवढं ‘हेडविगसाठी’ पुसायला सुरुवात केली.