गबरूच्या गाठी

"हात इथं ठेवा," डॉक्टर नम्रता म्हणाल्या आणि शेखरची बोटं त्यांनी कुत्र्याच्या मागच्या पायाला, गुडघ्याच्या पाठीमागं टेकवली. कातडीखाली सुपारीएवढं काहीतरी टणक होतं. दुसऱ्या पायालाही तसंच. मग खांद्यांच्या पुढं, दोन्हीकडं. शहापूरच्या त्या दवाखान्यातल्या टेबलावर गबरू मुकाट पडून होता. दाबलं तरी कण्हत नव्हता.

शेखरला फक्त जबड्याखालच्या दोन गाठी माहीत होत्या. एक या बाजूला, एक त्या बाजूला, लिंबाएवढ्या.

"मॅडम, गळा आवळलाय त्याचा. आमच्याकडं कामाला होता तो माणूस. मी डोळ्यांनी बघितलाय."

"गळा आवळला तर गुडघ्यामागं गाठ कशी येईल?" त्यांनी टेबलावरचा कागद उचलला. "परवा सुई घालून गाठीतला नमुना घेतला, त्याचा रिपोर्ट आलाय. लिम्फोमा. रोगाशी लढणाऱ्या ज्या ग्रंथी अंगभर असतात, त्यांचा कॅन्सर. मारानं होत नाही हा."

"बरा होईल?"

"पूर्ण बरा नाही. औषधांनी काही महिने चांगले जातात, पण तो खातपीत होता तेव्हा आणायला हवा होता. आता यकृतही सुजलंय. आराम पडेल अशा गोळ्या देते. गाठी कधी दिसल्या?"

"महिना झाला असंल."

त्या गोळ्यांच्या कपाटाकडं वळल्या. शेखर कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. महिनाभर तो त्या गाठींकडं पुरावा म्हणून बघत आला होता.

महिन्यापूर्वी शेखरच्या गावी, सापगावात, भातकापणी चालू होती. शेखर फोनवर बोलत खळ्यावरून घराकडं येत होता. गोठ्यामागं कामावरचा दिनेश गबरूपुढं उकिडवा बसला होता. दोन्ही हात कुत्र्याच्या गळ्याशी. त्या वेळी शेखरला काही वाटलं नाही. दोन दिवसांनी बायकोनं, अनितानं, गाठी दाखवल्या तेव्हा ते हात आठवले. चार माणसांदेखत त्यानं दिनेशला खळ्यावरून हाकललं. "दादा, ऐकून तरी घ्या," दिनेश म्हणाला होता. शेखरनं ऐकलं नाही. मग गावात दुसऱ्या कुणीही त्याला कामाला बोलावलं नाही. दरवर्षी दिनेशच्या वाडीतली मजूर माणसं कापणी उरकून वीटभट्टीवर जातात. दिनेश आणि त्याची बायको ठकू यंदा अर्ध्या कापणीतच गेले.

दवाखान्यातून येऊन शेखरनं गबरूला घरी अनिताजवळ सोडलं आणि मोटारसायकल मुरबाडच्या रस्त्याला लावली. भट्टी शोधायला दोन ठिकाणी विचारावं लागलं. दिनेश चिखल मळत होता, पोटऱ्यांपर्यंत माखलेला. शेखरला बघून तो थांबला, पण पुढं आला नाही. ठकूनं साच्यातली वीट जमिनीवर उलटी केली. तिनं वर बघितलं नाही.

वाटभर जुळवलेलं सगळं शेखर विसरला.

"चुकलो रे दिनेश. गबरूला कॅन्सर हाय. तू काय केला नव्हता."

दिनेशनं हात चड्डीला पुसले.

"जेवतो का तो?"

"पेज घेतो थोडी."

दिनेश बोलला तेव्हा आवाजात राग नव्हता, आणि शेखरला तेच सोसेना.

"माझ्या भाकरीतला तुकडा मी रोज द्यायचो त्याला. त्या दिवशी घास गिळंना, म्हणून गळा चाचपला, तर हाताला गाठी लागल्या. मी हाक मारली तुमाला, दादा. तुमच्या कानाला फोन होता, तुमी हातानंच सांगितलं, जा, कामाला लाग."