फक्त कॉलनीतील मुलांसाठी

“बठ्ठा झोका बाहेरना लोकेसनी धरी ठेवात!” शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांची मुलं आमच्या बागेतल्या सगळ्या झोक्यांवर खेळताना पाहून अभिमनआबा माझ्या कानाशी पुटपुटले. बाहेरचे म्हणजे शिरपूरकडच्या डोंगरातले. आबाही दोंडाईचाहून धुळ्यात आलेले, पण ते इथलेच.

दुसऱ्या दिवशी पाटी लागली, ‘झोके फक्त कॉलनीतील मुलांसाठी’. मजुरांची मुलं हाकलली. आबांनी पाटीला हार घातला. ग्रुपवर फोटो टाकायचा, तर रिकामे झोके काही बरे दिसेनात. साठ घरं धुंडाळली, मूल एक सापडलं नाही. शेवटी कुंपणाबाहेर उभ्या त्याच मुलांना हाक मारली, झोक्यांवर बसवलं, हसायला लावलं. ‘आपली कॉलनी, आपली मुलं’ असं लिहून आबांनी फोटो पाठवला.

“चला, उतरा आता. कानबाईच्या सणाला आमचे नातू येतील, त्यांचे झोके आहेत हे,” आबा म्हणाले.

सगळी उतरली. एक मुलगी साखळी सोडेना, तेव्हा आबांनी तिचा दंड धरला.

आबांची बायको भिकुबाई बाकावरून उठून पुढे आली.



“बसू द्या हो तिला. आपले काही येत नाहीत आता.”