जवळचा नातलग

“आज तू बोलूच नकोस,” साहेब दार लोटून घेत म्हणाले. “भरल्या सभागृहात बाई तुझी सालटी काढतील. तुझी तब्येत बरी नाही, असं मी कळवतो आयोजकांना.”

तिने हातातला कप बशीत ठेवला. संस्थेचे संचालक स्वतः तिच्या टेबलाशी येऊन हे सांगत होते, म्हणजे प्रकरण साधं नव्हतं.

पाठीचा कणा असलेले प्राणी मुळात आले कुठून, या एका प्रश्नावर बाईंची हयात गेली होती. त्यांचं उत्तर जगभर मानलं जाई. वाळूत अर्धं अंग पुरून बसणारा, भाल्याच्या पात्यासारखा एक इवला जीव आहे. त्याला कणा नाही, पण पाठीत लवचिक कांडी असते. माशांचा, पाखरांचा, आपला सर्वांत जवळचा नातलग तोच, असं बाईंचं म्हणणं. संस्थेत त्यांना माघारी ‘भालाबाई’ म्हणत. त्या जीवामुळे, आणि जिभेमुळेही.

ती त्यांचीच विद्यार्थिनी. आणि तिला सापडलं होतं ते नेमकं उलट. खडकाला चिकटलेली, बोट लावलं की पाण्याची चिळकांडी मारणारी एक लिबलिबीत पिशवी. ही पिशवी पिल्लू असताना पोहते, तेव्हा तिच्या शेपटीत तीच कांडी असते. मोठी झाली की एक खडक धरते, शेपटी जिरवून टाकते आणि जन्मभर तिथेच बसते. तिच्या हिशेबाने आपला खरा जवळचा नातलग हा होता. आईला तिने टाकीतली पिशवी दाखवली, तेव्हा आई म्हणाली होती, “असं होय! मग तुझ्या काकांचं बूड खुर्चीवरून हलत नाही, ते उगाच नाही.”

पण तिचा निबंध वर्षभर अडकून पडला होता. नियतकालिकाने तो तपासायला दिलेला निनावी तज्ज्ञ काही केल्या पिच्छा सोडेना. हा प्रयोग पुन्हा करा, तो वेगळ्या पाण्यात करा. एक शंका फेडली की दुसरी तयार.

“हात कुणाचा आहे, ते मी सांगायला नको,” साहेब तेव्हा म्हणाले होते. “तू सगळे आकडे, छायाचित्रं माझ्याकडे देऊन ठेव. मी वर शब्द टाकतो.” साहेबांचा तेवढाच आधार होता.

आणि आज सकाळी बाईंचा फोन. “आज बोलते आहेस ना? काही झालं तरी आजच. कच खाल्लीस तर पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस.”

तो आवाज आठवून तिला राग आला. वर्षभर निनावी मार खाल्ला. आता तोंडावर तरी होऊन जाऊ दे.

“मी बोलणार आहे, साहेब,” ती म्हणाली.

साहेबांनी तिच्याकडे क्षणभर रोखून पाहिलं. “बघ, तुझी मर्जी. मी आपलं तुझ्या भल्याचं सांगितलं.”

सभागृह गच्च भरलं होतं. पहिल्या रांगेत मधोमध बाई बसल्या होत्या, काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून. ती बोलत होती तेवढा वेळ त्यांनी पापणी हलवली नाही. तिचं शेवटचं वाक्य संपतं न संपतं तोच काठी जमिनीवर आपटली.

“टाकी कुठली?” बाई उभ्या राहिल्या. “त्याच टाकीत मासे असतील, तर त्यांचा अंश तुझ्या नमुन्यात मिसळला. मग तुझी पिशवी माशाची बहीण निघणारच!”

कुणीतरी हसलं. ही तर त्या निनावी तज्ज्ञाचीच शंका! म्हणजे साहेब खरं बोलत होते.

“माशांची टाकी नव्हती,” ती म्हणाली. “अंडी गाळलेल्या पाण्यात वेगळी उबवली.”

“कुणी?”

“मी.”

“मोठ्याने बोल. मागच्यांना ऐकू जाऊ दे. नमुने कुणी काढले?”

“मीच काढले.”

“मदतीला कोण होतं? कुणाची कल्पना? कधीपासून चाललंय हे?”

सरकारी वकील आरोपीला घेरतो तशा बाई तिला घेरत होत्या. ती एकेका प्रश्नाला उत्तर देत गेली. कल्पना माझीच. मदतीला कुणी नाही. सुरुवात दोन वर्षांपूर्वी. कपाळावरून घाम ओघळत होता, पण आवाज आता कापत नव्हता. वर्षभर त्या तज्ज्ञाने पिळून काढलं होतं. उत्तरं जिभेवर होती.

साहेब लगबगीने व्यासपीठावर चढले. “वेळ संपली आहे. बाकीची चर्चा आपण चहाच्या वेळी—”

“खाली बसा!” बाई गरजल्या. मग मागे वळून त्यांनी कॅमेऱ्यामागच्या माणसाला विचारलं, “हे सगळं रेकॉर्ड होतंय ना?”

त्याने मान हलवली.

“तर मग लिहून घ्या सगळ्यांनी. माझं चाळीस वर्षांचं म्हणणं चुकलं. या मुलीचं बरोबर आहे.”

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. ती खाली उतरली. बाईंनी तिचं मनगट धरून तिला शेजारी बसवून घेतलं. त्यांचा हात बर्फासारखा गार होता.

“बाई, मला वाटलं होतं, माझा निबंध तुम्हीच...” तिला पुढे बोलवेना.

“तुझा निबंध मी पहिल्यांदा वाचला तो गेल्या आठवड्यात,” बाई हळूच म्हणाल्या. “माझ्याकडे तपासायला आला तेव्हा. वर नाव तुमच्या साहेबांचं होतं.”