पक्की यादी

एकवीसनंतर एकदम तेवीस.

तिने बोट ठेवून पुन्हा पाहिलं. हजेरीचा एकवीस नंबर सुताराचा मुलगा, तेवीस नंबर पोस्टमनचा धाकटा. मधला बावीस नंबर कच्च्या यादीत नव्हताच, आणि बावीस नंबर म्हणजे तिचा भाऊ. तिच्या जिवात जीव आला. मग स्वतःचीच लाज वाटली, पण ती लाज काही फार वेळ टिकली नाही.

चित्रकलेच्या वर्गात नेहमीचा गलका चालला होता. लढाई लागल्यापासून शाळेत सेवा मंडळांचं नुसतं पेव फुटलं होतं. लांब टेबलाशी बँडेजच्या पट्ट्या गुंडाळणाऱ्या मुली, खिडकीशी मोजे विणणाऱ्या, आणि टाच कुणाची वाकडी यावरून त्यांची जुंपलेली. तिचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून लिखाण सगळं तिच्या गळ्यात. पार्सलांवरचे पत्ते, फळ्यावरच्या सूचना आणि दर सहा महिन्यांनी ही यादी, अठरा वर्षं पुरी झालेल्या मुलांची. मोठ्या बाई रजिस्टर पाहून कच्ची करायच्या, ही पक्की उतरवायची, खाली चिटणीस म्हणून सही करायची आणि यादी भरती कचेरीत जायची. पहिल्या यादीतल्या नऊ जणांचे हार घातलेले फोटो आता व्हरांड्यात लागले होते.

भाऊ रजिस्टरात अठरा वर्षांचा होता. खरा साडेसोळा. त्याची भानगड अशी, की ती सहा वर्षांची होऊन शाळेत जायला लागली, तेव्हा हा साडेचार वर्षांचा गडी रोज तिच्यामागे फाटकापर्यंत यायचा आणि तिथे बसकण मारून असा गळा काढायचा, की ज्याचं नाव ते. चौथ्या दिवशी बाबा वैतागले. त्यांनी ‘जुळी आहेत’ असं ठोकून दिलं आणि तिचीच जन्मतारीख त्यालाही लावली. तेव्हापासून घरात त्याचं नाव शेपूट. बारा वर्षं दोघं एकाच वर्गात. शेपटाला अजून धड मिसरूड फुटलं नव्हतं, आणि शाळा म्हणायची, जुळ्यांमध्ये बहीण थोराड निघाली. यावर घर किती वेळा हसलं असेल, त्याला गणती नाही. हल्ली कुणी हसत नव्हतं. सकाळी आईने डबा पुढे केला, आज यादी लिहायची ना, एवढंच विचारलं, आणि डबा हातातून सोडायलाच विसरली.

काल तर शाळेच्या फाटकात शिंपीणकाकूंनीच तिला गाठलं होतं. त्यांच्याही मुलाचं वय शाळेत घालताना वाढवलेलं. तेवढं एक नाव राहू दे, म्हणून त्यांनी सगळ्यांदेखत तिचे हात धरले. रजिस्टरात असेल तेच लिहावं लागतं, असं तिने सांगितलं. सांगताना आवाज जरासुद्धा हलला नाही, याचंच तिला अजून वाईट वाटत होतं. भाऊ शेजारी सायकल धरून उभा होता. मागे जमलेल्या गल्लीतल्या बायकांपैकी कुणीतरी म्हणालं, की बघू या, स्वतःच्या भावाचं लिहिते का ते.

तिने भराभर लिहायला घेतलं. एकतीस नंबर शिंप्याचा मुलगा. तिथे पेन अडलं. पण लिहिलं तिने. काकूंच्या दुकानावरून पुन्हा जायचं नाही, असं ठरवून लिहिलं. मग कच्च्या यादीचं पान उलटलं.

मागे एकच नाव होतं. बाईंच्याच अक्षरात, पण घाईघाईत लिहिलेलं. बावीस नंबर.

कागद तसाच मुठीत धरून ती मोठ्या बाईंच्या खोलीत गेली आणि सगळं सांगून टाकलं. आम्ही जुळी नाही, बाबांनी थाप मारली, हवं तर बाबा येऊन तसं लिहून देतील, मला शाळेतून काढलंत तरी चालेल. बोलता बोलता तिला रडू फुटलं. बाईंनी तिला रडू दिलं.

“मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “पहिलीचा वर्ग तेव्हा माझ्याकडे होता. ती तारीख मीच लिहिली. पहिलं वर्षभर तो दुपारचा माझ्या मांडीवर झोपायचा गं.”

मग गाळा ना, तुम्ही तर गाळलंच होतं, असं ती म्हणाली.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. गाळलं होतं, हे त्यांनी कबूल केलं. बाकीच्यांच्या तारखा त्यांनी लिहिल्या नव्हत्या. ही एक त्यांच्या हातची होती, म्हणून तेवढं एक धाडस केलं. पण आज शाळा भरायच्या आधीच तो येऊन उभा राहिला. यादी दाखवा म्हणाला. नाव नाही हे बघितल्यावर, लिहा म्हणून हटूनच बसला. त्यांनी चांगलं फैलावर घेतलं, समजावलं, शेवटी हात जोडले. तर म्हणे, दाखल्यावर अठरा आहेत, मी सरळ भरती कचेरीत जाऊन उभा राहतो.

तिला काही कळेना. त्याला कुठे लढाईची हौस होती? घरात उंदीर निघाला, तरी पलंगावर चढून बसणारा तो.

“पण का, बाई?”

ताईला सांगायचं नाही, असं बाईंकडून त्याने वचन घेतलं होतं.

“म्हणाला, ‘यादीखाली ताईची सही जाते. मी गेलो, तर परत येईनसुद्धा. पण मी राहिलो, तर ताईला या गल्लीत कुणी जगू देणार नाही.’”