एकविसाव्या पानावरची होडी

चंद्रावतीबाईंनी कपाटातून पुस्तक काढलं, एकविसावं पान उघडून पाहिलं आणि पुस्तक परत ठेवलं. मग शेजारचं काढलं. तेच पान, तसाच एक कटाक्ष, आणि पुन्हा जागच्या जागी.

टेबलामागून अरुंधती हे बघत होती आणि मनातून खूश होत होती. चोर अखेर स्वतःच्या पायांनी चालत आला होता.

पनवेलच्या त्या वाचनालयात प्रत्येक पुस्तकाच्या एकविसाव्या पानावर संस्थेचा शिक्का असे. कित्येक पुस्तकांत त्या शिक्क्याखाली कुणीतरी पेन्सिलीने होडी काढून ठेवी. बोटाच्या पेराएवढी, शीड लावलेली. कादंबरी असो, प्रवासवर्णन असो, नाहीतर मधमाशीपालन असो, होडी हजर! अरुंधती ग्रंथपालनाचा कोर्स करून वर्षभरापूर्वी इथे लागलेली. पुस्तकात रेघोट्या ओढणारा आणि जिन्यात पान थुंकणारा, हे तिच्या लेखी एकाच माळेचे मणी होते.

तशी ती कडक नव्हती. उलट तिनेच समितीशी भांडून कपाटांची कुलपं काढायला लावली होती. तोवर वाचकाने खिडकीशी उभं राहायचं आणि आतला माणूस हातात देईल ते मुकाट्याने घरी न्यायचं, अशी रीत होती. घरोघरी केबल आली तसे वाचक गळू लागले. अरुंधती म्हणाली, लोकांना आत येऊ द्या, पुस्तकं हाताळू द्या, मग ते येतील. दिवाळीत कपाटं खुली झाली आणि लोक खरंच येऊ लागले.

शिमग्याच्या सुमाराला कार्यवाह उदयसिंहांच्या हाती होडीवालं पुस्तक लागलं. ते म्हणाले, "बघा, मोकळीक दिली की हे असं होतं. अजून एक होडी दिसली, की कुलपं पुन्हा लागली म्हणून समजा."

अरुंधतीने त्याच दिवशी खोडरबर आणलं. रोज दुपारी एकेक कपाट घेऊन ती होड्या बुडवत बसे. मनगट भरून येई. हा प्राणी पेन्सिल चालवतो की नांगर, असं ती चरफडे. पण महिन्याभरात तिने सगळी कपाटं लख्ख केली.

आता ती उठली आणि चंद्रावतीबाईंच्या मागे जाऊन उभी राहिली.

"मावशी, एकविसाव्या पानावर काय शोधताय?"

बाई दचकल्या. हातातलं पुस्तक त्यांनी छातीशी धरलं.

"होडी," त्या म्हणाल्या.

"तुम्हीच काढता ना त्या?"

"मी नाय गो बाय. आमच्या मानसाची ती खूण."

त्यांचा नवरा उरणजवळच्या मोऱ्याच्या धक्क्यावर लाँचची तिकिटं द्यायचा. पनवेलहून रोज एसटीने जायचा आणि पिशवीत या वाचनालयाचं पुस्तक असायचं. वाचून झालं की त्यात होडी काढायची, म्हणजे तेच पुस्तक पुन्हा पदरात पडणार नाही. गेल्या गणपतीत तो गेला.

"वाचताना एकटाच हसायचा," चंद्रावतीबाई सांगत होत्या. "मी कदी इचारलं नाय, काय हाय त्यात एवढं. माझ्या भाकरीची खोटी व्हायची. आता इचारीन तर मानूस नाय. म्हनून म्हटलं, त्यानं वाचलेली तेवढी वाचायची. दिवाळीपासून तुमी आत सोडायला लागलात, तशी होडी बघून बघून नेत होते. एकात तर मी पन हसले, एकटीच."

मग कपाटाकडे बघत म्हणाल्या, "आता महिना झाला, एक पन सापडत नाय. संपलं वाटतं त्याचं वाचून."

अरुंधतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प राहिली असती तर कुणाला काही कळणार नव्हतं. बाई समजल्या असत्या की नवऱ्याने एवढीच वाचली, आणि घरी गेल्या असत्या. गप्प राहणंच सोपं होतं. पण 'संपलं' हा शब्द तिला सहन होईना.

"संपलं नाही, मावशी. होड्या मी खोडल्या."

"सगल्या?"

"दिसल्या तेवढ्या सगळ्या. मला माहीत नव्हतं हो..."

चंद्रावतीबाई रागावल्या नाहीत. ते अरुंधतीला रागावण्यापेक्षाही जड गेलं. ती ओढूनताणून काहीतरी सुचवू लागली. जुन्या नोंदी शोधू, कुणाला काही आठवतंय का विचारू. बाईंचं तिच्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. छातीशी धरलेलं पुस्तक त्यांनी पुन्हा उघडलं होतं.

"हात लय जड त्याचा," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "धक्क्यावरचे लोक हसायचे त्याला. वरच्या तिकिटावर तारीख टाकली, की खालच्या चार तिकिटांवर उमटायची."

एकविसावं पान आलं. या वेळी त्यांनी पानाकडे पाहिलंच नाही. डोळे मिटले आणि शिक्क्याखालच्या कोऱ्या कागदावरून बोट हळूहळू फिरवत नेलं. भाकऱ्या थापून थापून राठ झालेलं ते बोट एका जागी थबकलं. थोडं मागे आलं. मग एका शिडाएवढं वर चढलं आणि खाली उतरलं.

"हाय," त्या म्हणाल्या आणि पुस्तक अरुंधतीपुढे धरलं. "हे पन वाचलंय त्यानं. लिव माझ्या नावावर."