कोबेचा वाटाड्या

“हा आमचा लियाकत,” मोहिद्दीन शेठ पाहुण्याला म्हणाले. “तुमच्या कोबे शहराची गल्ली न् गल्ली ह्याच्या पायाखालची. यल्ला, चल लियाकत, साहेबांना जरा कोबेतून फिरवून आण. इथं बसल्या बसल्या!”

लियाकत चहाचा ट्रे घेऊन जागीच थबकला. समोर ओगावा नावाचा जपानी कापड व्यापारी बसला होता, आणि तो मूळचा कोबेचाच होता. लियाकतनं रत्नागिरी, मुंबई आणि ही बर दुबई सोडून चौथं बंदर जन्मात पाहिलं नव्हतं.

नोकरी मागताना त्यानं लोणकढी थाप मारली होती, की मी बोटीवर होतो, कोबे मला पाठ आहे. पाठ होतं हे मात्र खरं. त्याचे बाबा, हमदुल्ला खलाशी, दुसऱ्या महायुद्धाच्या आधी तिकडं जायचे. तिथल्या बंदरावरचा एक म्हातारा वाटाड्या खलाशांना शहर दाखवी, आणि बाबा घरी आले की अंथरुणात पडल्या पडल्या पोराला त्याच रस्त्यानं नेत. शेठ त्या थापेवर इतके भाळले, की येत्या महिन्यात कापडाच्या खरेदीला ते त्यालाच कोबेला धाडणार होते. पण खोटं त्यांना खपत नसे. मागं एकाची लबाडी उघडी पडली, तर त्याला सरळ मुंबईच्या बोटीत बसवलं होतं. गावी बायको हव्वाबी आणि पोरी लियाकतच्या पगाराकडे डोळे लावून असत. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, तो आज चष्मा लावून समोर बसला होता.

“चला,” ओगावा हसून म्हणाला. मुंबईत काही वर्षं काढल्यामुळे त्याला हिंदी चांगलं येत होतं.

लियाकतनं त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला. “बंदराच्या फाटकातून बाहेर पडलं की ट्रामचे रूळ. ते ओलांडले की कागदी छत्र्यांचं दुकान.”

ओगावाचं हसू मावळलं.

“मग चढ. चढावर न्हाणीघर, त्याचं उंच धुराडं. पुढे दगडी कोल्ह्यांचं देऊळ...”

“आणि देवळापासून?” ओगावानं कप खाली ठेवला. “डावीकडे की उजवीकडे?”

“डावीकडे. कोपऱ्यावर रताळी भाजणारी बाई.”

ओगावानं चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. लियाकतची पाचावर धारण बसली.

“काय साहेब?” शेठच्या कपाळाला आठी पडली. “बरोबर आहे ना?”

“बरोबर,” ओगावा म्हणाला. “असा वाटाड्या आता कोबेतही मिळायचा नाही.”

शेठ खूश झाले. पाहुण्याला खाडीपर्यंत पोचवायचं कामही लियाकतच्याच गळ्यात पडलं. बाजारातून जाताना ओगावा त्याच्याकडे न बघता चालत राहिला, आणि त्यामुळे लियाकतला जास्तच धडकी भरली. धक्क्याला अब्रा लागली होती. नावाडी हाका मारत होता. ओगावा होडीत चढलाच नाही.

“तुम्ही कोबे पाहिलेलं नाही,” तो म्हणाला.

लियाकतनं हात जोडले.

“ती सगळी आळी लढाईत जळाली, तेव्हा तुम्ही पोर असाल. बाँब पडले आणि एका सकाळीत खलास. आता तिथं रुंद रस्ता आहे. कुणी सांगितलं तुम्हाला हे?”

“माझ्या बाबांनी.” लियाकतला रडू येऊ लागलं. “साहेब, पाठीशी पोरंबाळं आहेत. शेठना सांगू नका.”

ओगावानं ते ऐकलंच नसावं. तो धक्क्यावरच्या तांदळाच्या पोत्यावर बसला आणि त्यानं लियाकतलाही शेजारी बसवलं.

“पुढच्या महिन्यात या. नवं कोबे मी दाखवीन,” तो म्हणाला. “आज जुनं तुम्ही दाखवा. फाटकापासून.”

आणि त्यानं डोळे मिटले.

लियाकतनं सुरुवात केली. भीती अजून गेली नव्हती, शब्द अडखळत होते. पण हळूहळू तो बाबांच्याच सुरात बोलू लागला. रूळ ओलांडले. छत्र्या गेल्या, धुराडं गेलं, कोल्हे गेले. दोघं डावीकडे वळले. इथं रताळ्यांचा खमंग वास येतो, असं बाबा म्हणायचे, तसं तोही म्हणाला. पुढे जाणार, तोच ओगावानं त्याचं मनगट घट्ट धरलं.

“थांबा,” तो डोळे न उघडता म्हणाला. “समोरचं दार आमचं.”