उजवी सीट

विमान कंपनीच्या काउंटरवरच्या बाई यादीवर खुणा करत होत्या आणि समोरचा माणूस परत करायची एकेक वस्तू त्यांच्यापुढे ठेवत होता. टोपी, दोन कोट, खांद्यावरच्या पट्ट्या, गळ्यातलं ओळखपत्र. त्याच्या मागे कोऱ्या गणवेशातली एक मुलगी उभी होती. तिला नवं ओळखपत्र घ्यायचं होतं.

“बूट?” बाईंनी विचारलं.

“बूट माझे स्वतःचे आहेत. नाहीतर अनवाणी घरी गेलो असतो.”

तो हसला. बाई हसल्या नाहीत.

वळला तेव्हा त्याला ती दिसली. “सव्वाअकराच्या विमानावर? पहिलंच उड्डाण?”

“हो. तुम्हीपण?”

“मीपण. सतराव्या रांगेत.” त्यानं खिशातलं तिकीट वर काढून दाखवलं. “कालपर्यंत तुझ्या जागेवर बसत होतो. आठ वर्षं.”

तिनं हातातली वही या हातातून त्या हातात घेतली.

“किती तास उडवायचे पैसे भरलेस?”

“पाचशे.”

“बरोबर आहे त्यांचं. मला पगार द्यावा लागतो, तू उलट पैसे देऊन उडवणार. मी त्यांच्या जागी असतो तर...”

“मला माहीत नव्हतं,” ती म्हणाली.

हे काही खरं नव्हतं. सही करताना ऑफिसातल्या माणसानं सांगितलं होतं, पंधरा तारखेला सहवैमानिकाची एक उजवी सीट मोकळी होतेय. ती कशी मोकळी होते, हे तिनं मुद्दामच विचारलं नव्हतं.

त्यानं तिच्या हातातली वही मागून घेतली. उभ्याउभ्याच पानावर एक रेघ मारली आणि रेघेच्या डावीकडे एक उंचवटा काढला. “ही आज उतरशील तिथली धावपट्टी. ही टेकडी. टेकडीच्या आड गेलीस की वारा एकदम पडतो आणि विमान धपकन खाली बसायला बघतं. सगळ्यांना वाटतं आता टेकलंच, आणि तिथेच इंजिनाची पॉवर काढतात. तू काढू नकोस. मनात दोनपर्यंत मोज, मग काढ.” वही परत देत तो म्हणाला, “कुठल्या पुस्तकात नाही हे. माझी दोन वर्षं गेली कळायला.”

दुपारी एकच्या सुमाराला टेकडी आली. विमान तिच्या हातात होतं. वारा पडला, पॉवरच्या दांड्यावरचा हात आपोआप मागे यायला लागला. तिनं तो आवरला. एक. दोन. चाकं टेकली तेव्हा मागे कुणाला कळलंसुद्धा नसेल.

कॅप्टननं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. पांढऱ्या मिशांचा, कमी बोलणारा माणूस. “इथे पहिल्या खेपेला असं कुणाला जमत नाही. कुणी शिकवलं?”

त्याचं नाव घेतलं असतं, तर पुढचंही सगळं सांगावं लागलं असतं.

“सिम्युलेटरवर,” ती म्हणाली.

“अच्छा.” कॅप्टन कागद भरायला लागला. “मग पैसे वाया नाही गेले तुझे.”

परतीच्या उड्डाणाआधी विमानाला एक फेरी मारून ते तपासायचं असतं. ते काम तिचं होतं. पिवळं जाकीट चढवून ती खाली उतरली, तेव्हा प्रवासी पांढऱ्या रेषेच्या आतून बसकडे चालले होते. तो त्यांच्यात नव्हता. तो पुढच्या चाकापाशी वाकला होता. खांद्याला बॅग तशीच. टायर पाहून झाल्यावर तो इंजिनाकडे गेला, मान वर करून एकेक पातं निरखू लागला. कुणीतरी सांगितल्यासारखा नाही, रोजचं असल्यासारखा.

“अहो, तिकडे कुठे?” एक कामगार हात हलवत धावत आला. “प्रवाशांनी रेषेच्या आत राहायचं!”

मग त्याला तिचं पिवळं जाकीट दिसलं. “मॅडम, हे तुमच्यापैकी आहेत का?”

तिनं तोंड उघडलं. तिच्याआधी तोच म्हणाला, “नाही, नाही. चुकून आलो इकडे.”

“आहेत,” ती म्हणाली.

पण तेवढ्यात सुरू झालेल्या शेजारच्या विमानाच्या आवाजात तिचा शब्द बुडाला होता, कामगार पाठमोरा झाला होता, आणि तो प्रवाशांच्या रांगेत सगळ्यांच्या मागे जाऊन उभा राहिला होता.